इटलीतल्या नोंदणीकृत ब्रीडरकडून केन कोर्सो: पैसे कशाचे लागतात आणि ते वसूल होतात का

केन कोर्सो हे दक्षिण इटलीतलं मोठं राखणदार कुत्रं. इटलीत कागदपत्रांसह त्याच्या पिल्लाला साधारण १,२०० ते २,५०० युरो पडतात. जाहिरातींत निम्म्या किमतीतही पिल्लं दिसतात, आणि तीही तितकीच गोंडस असतात. आठ आठवड्यांचं पिल्लू बघून त्याचा खुबा कसा निघेल, ते दीड वर्षाचं झाल्यावर दारात आलेल्या पाहुण्याशी कसं वागेल, हे कुणालाच सांगता येत नाही. ते सांगता येतं त्याच्या आईबापांच्या तपासण्यांवरून आणि पहिल्या ६० दिवसांत त्याच्याशी काय केलं गेलं त्यावरून. ब्रीडरला पैसे द्यायचे ते या दोन गोष्टींचे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: तपासण्या करणारा, वेत घरात वाढवणारा इटालियन ब्रीडर पूर्ण किमतीला परवडतो. नुसती वंशावळ हातात देणारा अर्ध्या किमतीलाही परवडत नाही.

आधी कागदांचं बघू, कारण इथे इटलीची व्यवस्था खरंच भक्कम आहे. तिथली राष्ट्रीय श्वानसंस्था एन्ची १८८२ पासून काम करते. वेत झाल्यावर ब्रीडरने २५ दिवसांत ‘मॉडेल ए’ हा जन्माचा अर्ज भरायचा, आणि ९० दिवसांच्या आत ‘मॉडेल बी’ भरून प्रत्येक पिल्लाची मायक्रोचिप क्रमांकासह नोंद करायची. चिप आधी ब्रीडरच्याच नावावर प्रादेशिक श्वाननोंदणीत चढते आणि विक्रीनंतर तुमच्या नावावर होते. त्यामुळे नोंद झालेलं पिल्लू कुणाकडे जन्मलं हे लपवणं अवघड होतं. वंशावळीचा छापील कागद यायला काही महिने लागू शकतात, त्यात गैर काही नाही. पण ‘कागदासह इतके, कागदाशिवाय इतके’ असे दोन भाव कुणी सांगितले, तर तिथेच बोलणं थांबवा. वंशावळ नसलेलं कुत्रं शुद्ध जातीचं म्हणून विकायला इटलीत १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि नोंदणीचा खरा खर्च किमतीच्या मानाने किरकोळ असतो. दोन भाव लावणाऱ्याकडे बहुधा नोंद न झालेलं वेत असतं, नाहीतर आईबाप सांगतो ते नसतात.

एन्चीची वंशावळ ऑनलाइन शोधता येते. ब्रीडरला फोन करण्याआधी आईबापांची नावं मागून घ्या आणि तिथे बघा. मागच्या तीन-चार पिढ्यांत तेच तेच नर पुन्हा दिसत असतील, तर कारण विचारा. या जातीत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पुलिया, बाझिलिकाता, मोलिझे या दक्षिण इटलीच्या भागांतल्या शेतवाड्यांवर गुरं हाकणारं, रानडुकराच्या शिकारीला जाणारं आणि रात्री अंगण राखणारं हे कुत्रं. यंत्रं आली, मोठ्या शेतवाड्या मोडल्या आणि १९७० च्या दशकापर्यंत ते जवळपास संपलं होतं. पाओलो ब्रेबर, स्तेफानो गांदोल्फी, जानकार्लो मालावासी या मंडळींनी उरलेली कुत्री शोधून मांतोव्हात पैदास सुरू केली. १९८३ मध्ये हौशी मंडळींची संस्था झाली, १९९४ मध्ये एन्चीने मान्यता दिली, एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेने १९९६ मध्ये तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची. म्हणजे आजची हजारो कुत्री मोजक्या पूर्वजांपासून आली आहेत, आणि दडलेले दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता त्यामुळेच जास्त.

म्हणून तपासण्या. खुब्याचा एक्स-रे गुंगी देऊन काढतात आणि तो अधिकृत केंद्राकडे वाचायला पाठवतात. निकाल ए ते ई अशा श्रेणीत येतो, कोपराचा ० ते ३. ब्रीडरच्या ओळखीच्या डॉक्टरने ‘छान आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी म्हणजे अधिकृत निकाल नव्हे. दोघांचे खुबे ए किंवा बी आणि कोपर ० हवेत. एकाचा सी असेल, तर जोडीदार ए असलाच पाहिजे आणि ब्रीडरने ते आपणहून सांगायला हवं. डी आणि ई पैदाशीत नकोतच, मग त्या कुत्र्याने प्रदर्शनात कितीही बक्षिसं घेतलेली असोत.

हृदयाची सोनोग्राफी हृदयरोग बघणाऱ्या पशुवैद्याकडून झालेली हवी. नुसतं स्टेथोस्कोपने ऐकून हृदयाच्या स्नायूचा आजार सुरुवातीला कळत नाही. जनुकीय चाचण्यांपैकी दोन या जातीसाठी खास आहेत. पहिली डीएसआरए. यात दातांवरचं आवरण नीट तयार होत नाही, दात तपकिरी आणि ठिसूळ होतात, पाय आखूड व वाकडे वाढतात, पुढे दृष्टी जाते. यामागचा जनुकीय दोष बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवला. दुसरी एनसीएल, मेंदूच्या पेशी निकामी करणारा आजार. पिल्लू काही महिने ठणठणीत वाढतं, मग तोल जायला लागतो, दिसेनासं होतं आणि त्यावर उपचार नाही. दोन्ही दोष दबून राहणारे आहेत: वाहक कुत्रा स्वतः निरोगी असतो, पण वाहकाला वाहक जोडला तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. वाहकाला दोषमुक्त जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. त्यामुळे ‘आमची मादी वाहक आहे, म्हणून नर मुक्त निवडला’ असं सांगणारा ब्रीडर आम्हाला ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरवशाचा वाटतो. चाचणी म्हणजे गालातून फिरवलेला एक ब्रश. ती न करण्याला सबब नाही.

आकड्यांत अडकवणारी आणखी एक जागा म्हणजे आकार. एफसीआयच्या ३४३ क्रमांकाच्या मानकात नराची उंची ६४ ते ६८ सेंटिमीटर आणि वजन ४५ ते ५० किलो, मादीची ६० ते ६४ आणि ४० ते ४५ किलो अशी दिली आहे. जाहिरातीत ‘६५ किलोचा बाप’ अभिमानाने लिहिलेला असतो. हा दोष आहे. तेवढं वजन त्याच सांध्यांवर पडतं, आणि अशा कुत्र्याला दहा मिनिटं दुडक्या चालीने धावल्यावर धाप लागते. तोंडही बघा. मुस्कट कवटीच्या साधारण निम्म्या लांबीचं, रुंद आणि चौकोनी असावं. त्याहून आखूड आणि ओठ लोंबणारं असेल, तर तो मास्तिनोकडे, म्हणजे नेपोलितन मास्टिफकडे, झुकलेला प्रकार आहे. ती वेगळी जात, नर ६० ते ७० किलोचे, सुरकुत्यांची, आणि तिचे त्रासही वेगळे.

रंगाला जास्त पैसे देऊ नका. राखाडी आणि राखी मुखवट्याच्या फिकट रंगाला, ज्याला इटलीत फोर्मेन्तिनो म्हणतात, दोन-तीनशे युरो जास्त सांगतात. हे दोन्ही रंग मान्य आहेत, पण दुर्मिळ नाहीत, आणि रंग फिका करणाऱ्या जनुकामुळे काही राखाडी कुत्र्यांची पाठ पुढे केस गळून उघडी पडते. चॉकलेटी किंवा काळ्यावर तांबूस ठिपक्यांचा कोर्सो मानकात बसतच नाही, त्याला ‘दुर्मिळ’ म्हणून जास्त भाव लावणं ही फसवणूक आहे. वाघरे पट्टे असलेल्याला मात्र कुणी जास्त पैसे मागत नाही, आणि गंमत अशी की २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३२ केन कोर्सोंच्या आयुर्मानाच्या अभ्यासात काळ्या वाघऱ्यांचं मध्यक आयुष्य सर्वांत जास्त, १०.३ वर्षं, आलं. सगळ्या रंगांचं मिळून ते ९.२९ वर्षं होतं. मोठं कुत्रं घेताना हा आकडा घरातल्या मुलांनाही आधी सांगावा.

कान आणि शेपूट नैसर्गिक हवेत. इटलीने २०१० मध्ये पाळीव प्राण्यांच्या रक्षणाचा युरोपीय करार कायद्यात आणल्यापासून दिसण्यासाठी कान कापणं गुन्हा आहे. कापलेल्या कानांची तरुण कुत्री ब्रीडरच्या अंगणात दिसली, तर ‘ते बाहेरून आणलेत’ हे उत्तर ऐकून घ्या आणि दुसरा ब्रीडर बघा.

आता वेत. इथेच खऱ्या कामाची परीक्षा होते. माद्या सहसा स्वतः वितात, पण ४५ किलोची आई अर्धा किलो वजनाच्या पिल्लावर नकळत बसते, आणि पहिल्या आठवड्यातली बरीच पिल्लं अशीच जातात. म्हणून विण्याच्या पेटीला आतून चारही बाजूंनी, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून तितकीच पुढे, दांडी लावलेली असते. आई भिंतीला टेकली तरी पिल्लू दांडीखालच्या फटीत वाचतं. पेटी साधारण दीड मीटर बाय दीड मीटर. ब्रीडरकडे गेल्यावर पेटी दाखवा म्हणा. दांडी नसेल, तर रात्री तिथे कोण झोपतं ते विचारा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यांच्या जागी ३० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि आईला मात्र तेवढ्यात धापा लागतात. त्यामुळे गरम जागा पेटीच्या एकाच कोपऱ्यात असावी.

वजनाची वही मागा. चांगला ब्रीडर पहिले दोन आठवडे रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लू तोलतो, गळ्यातल्या रंगीत फितीवरून ओळखतो आणि ग्रॅममध्ये लिहितो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी थोडं वजन घटलं तरी चालतं, पुढे रोज वाढायलाच हवं, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास दुप्पट व्हायला हवं. चोवीस तास वजन जागचं हललं नाही, तर त्या पिल्लाला वरचं दूध सुरू होतं. ही वही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बाकीच्या गोष्टीही बहुतेक जागच्या जागी असतात. जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, आणि दोन्हींची नोंद तारीख व औषधाच्या नावासह. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं, सहा-सात आठवड्यांत आईचं दूध सुटतं. ६० दिवसांआधी पिल्लू देणारा ब्रीडर नको. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू त्याच शेवटच्या दोन आठवड्यांत शिकतं, आणि पुढे ज्याचा जबडा एवढा मोठा होणार त्याला ते शिकून येऊ द्यायला हवं.

तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन सर्वांत उघडं असतं. राखणदार जातीत त्यानंतर अनोळखी माणसाबद्दलचा संशय वाढत जातो. पिल्लं शेताच्या टोकाला पिंजऱ्यात वाढली असतील, तर ती देखणी असतील, निरोगीही असतील, पण घरातली पिल्लं नसतील. मिक्सरचा आवाज, कपडे धुण्याचं मशिन, टोपीवाला माणूस, काठी टेकणारी आजी, रडणारं बाळ, गाडीतला प्रवास आणि फरशी, गवत, लोखंडी जाळी असे वेगवेगळे पृष्ठभाग हे सगळं आठ आठवड्यांच्या आत त्यांनी अनुभवलेलं असावं. भेटीत एक साधी चाचणी करा. किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. सगळी दचकतील. काही सेकंदांत परत येऊन हुंगणारं पिल्लू कुटुंबासाठी योग्य. कोपऱ्यात जाऊन बसणारं आणि लगेच झडप घालणारं, दोन्ही अनुभवी माणसासाठी सोडा. आईला जरूर भेटा. ती सुरुवातीला भुंकली तर हरकत नाही. मालकाने ‘ठीक आहे’ म्हटल्यावर ती शांत होते का, हे बघायचं. ‘आई आज बाहेर आहे’ असं उत्तर मिळालं, तर ते वेत दुसऱ्या कुणाकडून आणलेलं असू शकतं.

इटालियन ब्रीडरच्या सेवेची सर्वांत मोठी उणीव परदेशी ग्राहकाला जाणवते. युरोपीय संघात दुसऱ्या देशात जाणाऱ्या पिल्लाला रेबीजची लस १२ आठवड्यांना आणि त्यानंतर २१ दिवसांची वाट, असा नियम आहे. म्हणजे १५ आठवडे पिल्लू ब्रीडरकडेच राहतं, आणि मन उघडं असण्याचा काळ तिथेच संपतो. बहुतेक ब्रीडर या जादा सात आठवड्यांचे खाण्यापिण्याचे पैसे घेतात, पण पिल्लाला बाजारात, रस्त्यावर, माणसांत नेण्याचं काम करारात लिहीत नाहीत. ते लिहून घ्या: आठवड्यातून किती वेळा बाहेर नेणार, पट्ट्याची सवय लावणार का, रात्री एकटं झोपवणार का. दर आठवड्याला व्हिडिओ मागा. नकार मिळाला, तर दुसऱ्या देशातून हे पिल्लू घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

जर्मनीत म्युनिकच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांनी आणखी एक बघावं. म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात केन कोर्सो धोकादायक मानलेल्या जातींच्या यादीत दुसऱ्या वर्गात आहे आणि तो आक्रमक नाही असा तज्ज्ञाचा अहवाल देऊन पालिकेकडून दाखला घ्यावा लागतो. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी आधी, पिल्लू नंतर. इटलीत जातींची यादी २००९ मध्येच रद्द झाली. तिथे जबाबदारी मालकाची: रस्त्यावर दीड मीटरपेक्षा लांब पट्टा नाही आणि मुसकी जवळ हवी.

पिल्लू घरी आल्यावर सर्वांत जास्त बिघडतं ते खाण्यात. आपल्याकडे मोठ्या कुत्र्याच्या पिल्लाला कॅल्शियमची बाटली आणि जादा अंडी सुरू करायची पद्धत आहे. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते हाडांत जातं, आणि सांध्याची कूर्चा नीट घडत नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांचं खाद्य घ्या, त्यात कोरड्या वजनाच्या १ ते १.५ टक्के कॅल्शियम असावं, आणि वरून काहीही घालू नका. आठ आठवड्यांना वजन सात ते दहा किलो असतं, पुढे सहा महिन्यांपर्यंत आठवड्याला साधारण एक-सव्वा किलो वाढ पुरे. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात. गुबगुबीत पिल्लू कौतुकाचं वाटतं, पण तेच पुढे लंगडतं. चार महिन्यांपर्यंत दिवसात चार वेळा, मग तीन, वर्षानंतर दोन वेळा. ४५ किलोच्या प्रौढाला रोज साधारण १,९०० ते २,००० कॅलरी, म्हणजे चांगल्या कोरड्या खाद्याचे पाचशे-सव्वापाचशे ग्रॅम लागतात, महिन्याला सोळा किलोची गोणी.

जेवणाआधी आणि नंतर एक तास धावणं नको. पोटाला पीळ पडणं हा या आकाराच्या कुत्र्याचा सर्वांत घाईचा आजार आहे: ओकारीचा प्रयत्न होतो पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट डाव्या बाजूला फुगून टणक होतं, कुत्रं एका जागी बसत नाही. सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासात शस्त्रक्रिया करू शकणारं रुग्णालय गाठायचं. ते रुग्णालय कुठलं, हे पिल्लू घरी येण्याआधी ठरलेलं असावं. नसबंदी करायची असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर, दीड-दोन वर्षांनंतर, आणि त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून घेता येतं.

गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. जिथे ते पळतं तिथे सतरंजी किंवा रबराची चटई हवी. पळवत नेणं, सायकलमागे धावणं, गाडीतून उडी मारणं हे सगळं दीड वर्षानंतर.

दारातल्या पाहुण्याची शिकवण मात्र पहिल्याच आठवड्यात. दरवाजापासून तीन मीटरवर, दार दिसेल अशी चटई. बेल वाजली की पट्टा लावून पिल्लू चटईवर, तिथे खाऊ. पाहुण्याने त्याच्याकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावर हात न्यायचा नाही. पिल्लू आपणहून आडवं झालं की पट्टा सैल, एकदा हुंगू द्यायचं, परत चटईवर. आठ ते अठरा महिन्यांच्या काळात तेच कुत्रं एक दिवस ओळखीच्या पाहुण्यावरही गुरगुरतं. ओरडू नका, अंतर वाढवा आणि पुन्हा चटईपासून सुरू करा. गंमत म्हणून ‘छू’ करून कुणावर सोडणं घरातल्या कुणीच, एकदाही करायचं नाही. राखण त्याला शिकवावी लागत नाही. शिकवावं लागतं ते कधी थांबायचं. लहान मूल आणि हे कुत्रं एका खोलीत असेल, तर मोठं माणूसही त्याच खोलीत हवं.

विक्रीनंतर इटालियन ब्रीडर फोनवर चांगले बोलतात, खाद्याबद्दल, दातांबद्दल मनापासून सांगतात. त्याच वेतातल्या इतर पिल्लांना पुढे काय आजार झाले हे मात्र सहसा विचारल्याशिवाय कळत नाही. वर्षाने आणि दोन वर्षांनी हा प्रश्न विचारायचा हक्क करारात घालून घ्या. ठेवणं अशक्य झालं तर कुत्रा कोणत्याही वयात परत घेऊ, हे कलमही हवं.

भारतात आणण्याचा बेत असेल, तर पैदाशीसाठी किंवा विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर २०१३ पासून निर्बंध आहेत. परदेशातलं वास्तव्य हलवून परत येणाऱ्या कुटुंबाला आपलं पाळीव कुत्रं आणता येतं, तेही आधी कागद पूर्ण करून. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने केन कोर्सोसह २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवलं. तिकीट काढण्याआधी तुमच्या महापालिकेचा परवान्याचा नियम आणि सोसायटीचं म्हणणं लेखी घ्या. महाराष्ट्रातल्याच ब्रीडरकडून घेणार असाल, तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची त्याची नोंदणी बघा आणि खुब्याचे एक्स-रे तसेच मागा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या कुत्र्याला फिरवायचं ते उजाडायच्या आधी किंवा रात्री फरशी निवल्यावर, आणि मे महिन्यात प्रवासाची तारीख धरू नका.